अज्जी बसली होती

जयसिंगपूरच्या वसतिगृहातून शनिवारी बावड्याला घरी आले, तर सोप्यात भजन चाललेलं. पूजा असेल, वाटलं. आत भिंतीला टेकून अज्जी बसलेली; कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार, अंगावर नवं इरकल. मला हसूच आलं. घरादाराला वाढून ओट्यापाशी उभ्यानंच दोन घास खाणारी, “बस की” म्हटलं तर “पोरं जेवूदेत आधी” म्हणणारी अज्जी आज सगळ्यांच्या मधोमध! “अज्जी, बसलीस व्हय एकदाची?” मी मोठ्यानं म्हणाले. भजन थांबलं. काकूनं तोंडात पदर कोंबला. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की बसवून ठेवतात, हे ऐकलेलं. पाहिलं कधीच नव्हतं. मी पुढं होऊन अज्जीचा हात धरला. गार होता. अंघोळ घातलेली, तरी नखांत ज्वारीचं पीठ. “तू येणार म्हणून भाकरी थापत हुत्या गं,” काकू म्हणाली, “शेवटचा गोळा परातीत तसाच हाय.”