रांजणाचा काठ

"काल ग्रहण लागलं. जुनी मडकी विटाळली, ती फोडा आणि नवी घ्या," पुरोहिताने सकाळी पारावरून सांगितले.

सातवाहनांच्या काळी ही रीतच होती, आणि गोदाकाठचा कुंभार तर ग्रहणाचीच वाट पाहायचा. यंदा मात्र तोच हात जोडून पुढे आला.

"महाराज, चंद्राची नुसती कड तर गेली होती. तेवढ्यासाठी कशाला फोडायची?"

सगळे हसले. "कुंभारच म्हणतोय, मडकी फोडू नका!"

"घरात बायकोच्या हातचा शेवटचा रांजण आहे," तो कसाबसा म्हणाला. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता.

पुरोहिताला दया आली. "बरं, चंद्राचा जेवढा घास गेला, तेवढाच काठ फोड. विटाळ फिटेल."

कुंभाराने दगडाने रांजणाचा टवका काढला. बाहेर येऊन पाहतो, तर घरोघर टकटक. सगळा गाव नुसते काठच फोडत होता. भट्टीतली नवी मडकी तशीच पडून होती.

"देव भलं करो, दादा! आता नवं मडकं घ्यायला नको," शेजारीण म्हणाली.

बायको असती तर म्हणाली असती, "एका रांजणापायी धंदा बुडवलात, धनी!"

ती गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.