मंडळाची गादी

भिंतीपलीकडून पंपाची घरघर सुरू झाली की माझं डोकं फिरायचं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गणपती मंडळाने वर्गणीतून घेतलेली हवेची गादी आळीत एकच, आणि ती शेजारच्या दाभाडेकाकांच्या अंगाखाली. काका मजेत रेडिओ ऐकत पडलेले. इकडे साध्या गादीवर सासूबाईंच्या पाठीला जखमा झालेल्या. कुशीवर वळवलं तरी त्या कळवळायच्या.

मी मंडळात जाऊन भांडले. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, काकांकडून सुटली की पुढचा नंबर तुमचाच."

तेव्हापासून मी रोज दाभाडेकाकूंच्या दारात जाऊ लागले. "काकू, कसे आहेत काका?"

काकूंचे डोळे भरून यायचे. "पोटची मुलं फोन करत नाहीत. तूच एक न चुकता विचारतेस गं."

एका सकाळी घरघर ऐकू आली नाही.

सुतक फिटल्यावर काकू स्वतःच गादी घेऊन आल्या. साबणाच्या पाण्याने पुसून, नीट घडी घालून. "तुझ्या सासूबाईंना आराम पडू दे," म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

गादी फुगली. कितीतरी दिवसांनी सासूबाईंना शांत झोप लागली. मी जरा टेकले, तोच दारात समोरची शर्मिला येऊन उभी राहिली. तिचे वडील महिनाभर अंथरुणावर आहेत. तिची नजर गादीवरून हलत नव्हती.

"वहिनी," तिने अगदी मायेने विचारलं, "कशा आहेत आजी?"