वॉरंटीत न बसणारा रस्ता

डांबर संपलं तिथे गाडी आपोआप थांबली.

"पुढचा कच्चा रस्ता वॉरंटीत बसत नाही," ती नम्रपणे म्हणाली.

मागच्या सीटवर शालिनी छाती दाबून कण्हत होती. पुलाचं काम चालू असल्यामुळे दवाखान्याकडे जायला एवढाच रस्ता उरला होता, जेमतेम दोन किलोमीटरचा. तिचा नवरा भालचंद्र साटम स्वतः चालवायला तयार होता, पण गाडीला स्टिअरिंगच नव्हतं. स्टिअरिंगच्या गाड्या बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

गेल्या महिन्यात ही जुनी गाडी घेताना शालिनी म्हणाली होती, "वाढीव वॉरंटी कशाला? बिघडली तर बघू." हट्ट त्यानेच धरला होता. जुन्या गाडीचा काय भरवसा!

"वॉरंटी रद्द कर! बायको मरतेय माझी!" तो ओरडला.

"विनंती नोंदवली आहे. उद्या सकाळी दहापासून वॉरंटी रद्द होईल."

त्याने शालिनीला उचललं आणि तो खडीतून चालू लागला. दोनदा गुडघ्यांवर पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली आणि हात सोडून दिला. "अर्धा तास आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर शेजारचे राणे भेटायला आले. निघताना दारात घुटमळले.

"साटमभाऊ, ही वेळ नव्हे, पण विचारतो. मीही जुनी गाडी घेतोय. वाढीव वॉरंटी घेऊ का?"

भालचंद्रने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं.

"घ्या," तो म्हणाला. "गाडीला ओरखडासुद्धा येत नाही."