रेंजच्या बाहेर

शिकायला आलेले सहा, रिमोट एक आणि विमानही एकच. पॅकिंगच्या थर्माकोलचं ते विमान गेलं, की फुकटचा हा वर्ग बंद, हे शिकवणाऱ्या शिवलीलाला ठाऊक होतं. बॅटरी आठ मिनिटं पुरायची. गोजरबाईंनी पहिल्याच पाळीला ते वाऱ्याबरोबर जाऊ दिलं. माळापलीकडे दिसेनासं झालं आणि रिमोटला दाद देईना.

“आता अक्कलकोटलाच उतरंल की!” शिकणाऱ्यांतला राजशेखर हसला.

“गप रं,” गोजरबाई रडवेल्या झाल्या. “पोरी, म्याच घालवलं की गं.”

“असू द्या, मावशी.” शिवलीलाने रिमोट बंद करून पेटीत ठेवला.

पन्नासाव्या मिनिटाला विमान परत आलं. वाऱ्याकडे तोंड करून, अगदी शिकवल्याप्रमाणे, गोजरबाईंच्या पायाशी अलगद उतरलं. शिवलीलाने बॅटरीला मीटर लावला.

शंभर टक्के.