सातव्या चाचणीची सही

सुज्ञ वाचकहो, नवे यंत्र सर्वत्र बसविण्यापूर्वी ते वापरणाऱ्याच्याच हाती देऊन पाहण्याचे एक शास्त्र आहे. त्या शास्त्रातील एका बाणेदार ताईंची हकिकत मी येथे नम्रपणे सादर करीत आहे.

रुग्णाने नर्सला बोलावण्याचे नवे यंत्र उद्या दोनशे खाटांना लागणार होते. सहा रुग्णांना त्याचे बटण क्षणार्धात सापडले होते. सातव्या वेळी मात्र चाचणी घेणाऱ्या ताईंनी, एरवी रुग्णासमोरच बसणाऱ्या मुख्य अभियंत्यास खोलीबाहेर बसविले. आत एका मावशींनी तीन मिनिटे यंत्र उलटसुलट चाचपले, पण बटण काही गवसले नाही. चाचणीत मदत करायची नाही, या नियमाप्रमाणे ताईंनीही ते दाखविले नाही.

अभियंता तावातावाने आत आला. "या बाईंना वगळा आणि सही करा. सहा जण पास झालेत."

"सही होणार नाही, साहेब."

"नोकरी जड झालीय का?"

"नोकरी घ्या काढून. पण कुणी हाक न पोचता खाटेवर तळमळला, तर त्या कागदावर माझी सही नसेल."

मावशी ओशाळल्या. "पोरी, माझ्यापायी भांडू नकोस गं. आधी पास झालेल्या शेजारच्या खाटेवरचीनं मला नीट पढवून पाठवलं होतं. म्हणाली, यंत्राकडे बघूच नकोस, साहेब जिथं बघतील तिथं बोट ठेव. आता साहेबच बाहेर बसले, त्याला मी काय करू?"

ताईंनी सहाही 'पास' शांतपणे खोडले, खाली 'यंत्र नापास' असे लिहिले, आणि मगच सही केली.

वाचणाऱ्या सर्वांचा ऋणी,
त्याच चाचणीच्या खोलीच्या दारावरचा पहारेकरी, नाना