पासपोर्ट जमा

२०१४ साली बाबांनी सिंगापूरमधली आपली छोटी कंपनी बंद केली, बुकित पंजांगचा फ्लॅट सोडला आणि पुण्याचं तिकीट काढून ते सिंगापूरमध्येच, ईस्ट कोस्ट भागात माझ्याकडे आले. लेकीच्या घरी चार दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. आई गेल्यापासून मी ‘इथेच राहा’ म्हणून थकले होते.

तेवढ्यात टॅक्सच्या एका जुन्या वादात कोर्टाने त्यांच्याकडून कागदपत्रं मागवली. एकदा, मग पुन्हा. ‘कागद सापडत नाहीत’ म्हणत बाबांनी दोन्ही आदेश बाजूला ठेवले. दंड झाला, आणि कागद देईपर्यंत पासपोर्ट कोर्टात जमा झाला.

“मी कोर्टामुळे अडकलोय, पाहुणा म्हणून राहिलेलो नाही,” असं बजावून ते तिसरं थालीपीठ वाढून घ्यायचे. संध्याकाळी माझ्या मुलीच्या, जाईच्या सायकलमागे समुद्राकाठी धावायचे. “आजोबा, सोडू नका लाह!” ती तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडायची, आणि दोघंही हसून हसून थांबायचे. असे आठ महिने गेले. मग कागद कोर्टात पोचले, पासपोर्ट परत मिळाला आणि बाबा पुण्याला गेले.

गेल्या महिन्यात बाबा वारले. त्यांचे वकील कर्णिक भेटायला आले.

“कागद शोधायला तुम्हाला आठ महिने लागले, ते बरंच झालं,” मी म्हणाले.

“शोधायला?” ते हसले. “पहिल्याच आठवड्यात सगळे तयार होते. दर तारखेला मी विचारायचो, आता देऊ का? तर म्हणायचे, ‘दंड भरतो, पण थांबा हो कर्णिक. लेकीकडे राहायचं म्हणजे एखादा सरकारी हुकूम नको का?’”