सहाव्या मजल्यावरचे दिवे

आमच्या ओसाकाच्या कचेरीत सहाव्या मजल्यावर आठ टेबलं आहेत: सात साहेबांची आणि एक त्यांच्या कारकून नागासेसानचं. खरेदीच्या प्रत्येक कागदावर, प्रत्येक साहेबापुढे रिवाजाप्रमाणे कमरेत वाकून, सात शिक्के घेत त्या दिवसभर टेबलोटेबली फिरायच्या. मी शिक्के संगणकावर आणले आणि सातही साहेब घरून काम करू लागले. वीज वाचावी म्हणून प्रत्येक टेबलावर हालचाल ओळखून लागणारा दिवा बसवला. महिनाभरात निम्मे दिवे लागले नाहीत, तर मजला बंद करून नागासेसाननाही घरून काम द्यायचं ठरलं.

पण आठही दिवे रोज लागत होते. बिघाड शोधायला मी वर गेलो. नागासेसान रिकामी फाइल हातात धरून एकेका रिकाम्या खुर्चीसमोर कमरेत वाकत होत्या.

"हे काय चाललंय?"

"मग घरी कुणासमोर वाकू? भिंतीसमोर?" त्या म्हणाल्या. "तुझ्या यंत्राला खुर्चीत कोण बसलंय ते दिसतं का रे?"

"नाही. फक्त हालचाल कळते."

"मग फिरू दे की मला."



महिन्याचा अहवाल आला. सहावा मजला: आठपैकी आठ टेबलं वापरात.